निमुळती सावली

जयपूरच्या वैशाली नगरात एका कोचिंग क्लासच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, दहा माणसं मिळून एक सूर्यमाला बनवत होती. खाली पोरं इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी घोकंपट्टी करत, वर हे लोक ग्रह घडवत, आणि जिन्यात गाठ पडली की दोन्हीकडचे एकमेकांची कीव करत. खेळाचं नाव 'सूर्यकुळ'. कॉम्प्युटरवर खेळायचा, डावपेचांचा. ग्रह जिंकायचे, यानांचे ताफे बांधायचे, शेजाऱ्याच्या चंद्रावर डोळा ठेवायचा. या सूर्यमालेतला सगळा उजेड आणि सगळा अंधार आसावरी पाटणकरच्या हातात होता. एका माणसावर एवढा भरवसा देवानेही टाकला नसता, पण परीक्षितने टाकला होता.

परीक्षित कंपनीचा मालक. त्याचे आजोबा बँकेच्या बदलीवर जयपूरला आले होते, त्यामुळे त्याचं मराठी आजीकडून आलेल्या भांड्यांसारखं, थोडं चेपलेलं पण वापरातलं. ऑफिसात सगळे त्याला परीक्षितजी म्हणत, आसावरीही. तीसुद्धा इथलीच. तिचे वडील उमाकांत विमा कंपनीत अधिकारी होते. कराडहून बदलून आले ते निवृत्त झाल्यावरही खातीपुऱ्यातच राहिले, कारण तोवर गॅसवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे ओळखीचे झाले होते.

उजेडाची पहिली लढाई आसावरीने जिंकली होती. सुरुवातीला 'सूर्यकुळा'त अंधार असा नव्हताच. प्रत्येक ग्रहाच्या पाठीमागे एक न दिसणारा दिवा लपवून ठेवलेला असायचा, खेळणाऱ्याला आपली यानं कुठूनही दिसावीत म्हणून. खेळाचे नियम लिहिणारा संकेत, अकोल्याचा मुलगा, त्यांना चोरदिवे म्हणायचा. आसावरीने ते चोरदिवे एकेक करून विझवले. परीक्षित वैतागला. यानं दिसली नाहीत तर लोक खेळ बंद करतील, म्हणाला. ती म्हणाली, सूर्य एकच आहे तर उजेडही एकाच बाजूने येईल, खरं म्हणजे खरं. हे 'खरं म्हणजे खरं' तिने इतक्यांदा ऐकवलं की संकेतने तिचं नाव हरिश्चंद्राची नात ठेवलं. नात काही मागे हटली नाही. हळूहळू ग्रहांच्या पाठी काळ्या झाल्या, चंद्र आपापल्या ग्रहाच्या सावलीत बुडून वर येऊ लागले, आणि एके दिवशी आतल्या ग्रहाची सावली पसरत पसरत थेट बाहेरच्या ग्रहावर गेली आणि तो अख्खा ग्रह तिने झाकून टाकला. सगळं ऑफिस उठून आसावरीच्या खुर्चीमागे येऊन उभं राहिलं.

त्याचं नाव पडलं महाग्रहण. संकेतने आठवडाभरात नियम लिहिले: ग्रहांना शक्ती सूर्याकडून मिळते, सावलीत तोफा मुक्या होतात, तेव्हा शेजाऱ्याला अंधारात लोटायचं आणि मग त्याच्यावर चालून जायचं. अर्धा खेळ त्या एका सावलीभोवती उभा राहिला. परीक्षितने तर आधी कळस मग पाया अशा घाईने ट्रेलर काढायला सांगितला आणि नेटवर चढवलाही. तो आसावरीनेच केला होता. निळा ग्रह, त्याच्यावर शहरांचे बारीक दिवे, आणि कडेने चढत येणारा काळोख. शहरं एकामागून एक विझत जातात आणि शेवटी काहीच उरत नाही. तिच्या हातून एवढं सुंदर काम आजवर झालं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. जेवताना एका हाताने घास घेत ती तो ट्रेलर पुन्हा पुन्हा बघायची.

तो बघून पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा फोन आला. असे खेळ विकत घेऊन जगभर बाजारात आणणं हा त्यांचा धंदा. तिथल्या निशिगंधा केळकर महिनाअखेर जयपूरला येऊन खेळून बघणार होत्या. खेळ त्यांना पसंत पडला तर वरचा मजला जगणार होता. नाही पडला तर पावसाळ्याच्या आत कुलूप लागणार होतं, आणि हे चहा आणून देणाऱ्या सुखदेवपासून सगळ्यांना माहीत होतं.

अशातच होळीच्या दिवशी चंद्रग्रहण आलं.

पाटणकरांकडे ग्रहण पाळतात. उमाकांतराव विज्ञानाचे पदवीधर, बुवाबाबांची नक्कल करून पाहुण्यांना हसवणारे, पण ग्रहण लागलं की सगळ्यात आधी खिडक्या लावणारेही तेच. कोणी विचारलं तर म्हणत, श्रद्धा वगैरे काही नाही, पण विषाची परीक्षा कशाला घ्या? आसावरीची आई वासंतीबाई दह्यात तुळशीचं पान टाकत आणि सगळे आत बसून ग्रहण सुटायची वाट बघत. त्यामुळे आसावरीने लहानपणापासून ग्रहणं पुष्कळ पाळली होती, पाहिलेलं मात्र एकही नव्हतं. यंदा तिने गच्चीवर जायचं जाहीर केलं. आई म्हणाली, कशाला बघतीस, टीव्हीवर दाखवतात की. आसावरी म्हणाली, सावलीचा रंग नेमका कसा असतो ते बघायचंय, ऑफिसचं काम आहे. ऑफिसचं काम म्हटल्यावर वडिलांचा नाइलाज झाला. नोकरीपुढे पाटणकरांच्या घरात राहू-केतूसुद्धा गप्प बसतात. उमाकांतरावांनी स्वतः दुर्बीण काढून दिली आणि ती बाहेर पडताच दार लावून घेतलं.

चंद्र उगवला तोच खाल्लेला. ग्रहण सुटत आलं होतं. पाण्याच्या टाक्यांच्या रांगेवर, धुळकट आभाळात, कडेला एक घास कमी असलेला चंद्र वर येत होता. आसावरी रंग बघायला आली होती, पण रंगाचं तिला भानच राहिलं नाही. सावलीची कड धारदार नव्हती. फळ्यावरची खडूची रेघ बोटाने पुसावी तशी ती विरत गेलेली होती. आणि तो घास चांगला गोल होता. 'सूर्यकुळा'तल्या चंद्रावर सावली चढते ती सरळ सुरीने कापल्यासारखी, इतकी थोरली असते की तिची गोलाई जाणवतच नाही. इथे मात्र कोणीतरी भाकरीचा लचका तोडावा तशी वळलेली कड होती. तिने फोन दुर्बिणीला टेकवून फोटो काढले. बरेच हलले, दोन बरे आले. ग्रहण सुटलं, खाली कॉलनीतली होळी पेटली, तरी ती वरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी बाहेर रंगांचा धिंगाणा चालला होता आणि आसावरी खोलीचं दार लावून बसली होती. फोटोतली वळलेली कड तिने पुढे वाढवून पूर्ण वर्तुळ केलं आणि ते चंद्राच्या मापाने मोजलं. हीच पृथ्वीची सावली. तिच्या हिशोबाने हे वर्तुळ पृथ्वीएवढं तरी यायला हवं होतं, खरं तर थोडं मोठंच, कारण सावली पुढे पसरत जाते, असंच तिने खेळात केलं होतं. वर्तुळ आलं लहान. पृथ्वीपेक्षा चांगलंच लहान. तिला वाटलं आपलंच चुकलं. दुसऱ्या फोटोवर पुन्हा केलं, पुन्हा लहान आलं. वासंतीबाई पुरणपोळी ठेवून गेल्या, ती गार झाली.

मग तिच्या लक्षात आलं. 'सूर्यकुळा'तला सूर्य तिने दिसायला एवढा थोरला काढला होता, सगळ्या ग्रहांपेक्षा मोठा, पण उजेड मात्र त्याच्या मधल्या एका टिंबातून येत होता. टिंबातून आलेल्या उजेडाची सावली पसरत जाते. खरा सूर्य टिंब नाही. त्याचं अख्खं तोंड उजेड टाकतं आणि तो उजेड ग्रहाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून सावलीला तासत जातो. सावली निमुळती होत होत शेवटी टोकाशी संपून जाते. त्या टोकाच्या आत चंद्र सापडतो, पण पुढचा ग्रह कधीच सापडत नाही. म्हणजे महाग्रहण होऊच शकत नव्हतं. जे बघून पुण्याची माणसं येणार होती, ते तिने मनाने रचलेलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. कोणाला कळलं नसतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. 'खरं म्हणजे खरं' म्हणत तिने दुसऱ्यांचे दिवे विझवले होते, भांडणं केली होती, आणि सगळ्यात मोठा चोरदिवा तिच्याच सूर्यात बसला होता. तिला फार लाज वाटली. संध्याकाळपर्यंत लाज ओसरली आणि तिच्या जागी हट्ट येऊन बसला. हे बदलायचं, आणि निशिगंधा केळकर यायच्या आत बदलायचं.

ऑफिस उघडल्यावर तिने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. सुखदेवने प्याज कचोऱ्या आणल्या होत्या. तिने एक उचलली, फोनची बत्ती वर धरली आणि तिच्या उजेडात कचोरी टेबलावर धरली. टेबलावर काळी ठसठशीत सावली पडली. कचोरी बत्तीकडे उचलत नेली तशी सावली वाढत गेली, अर्ध्या टेबलावर पसरली. मग बत्ती विझवून तीच कचोरी तिने छतावरच्या मोठ्या चौकोनी दिव्याखाली धरली. आता कचोरी जसजशी वर गेली तसतशी सावली आक्रसत, फिकी होत गेली, आणि थोड्या वेळाने टेबलावर काहीच राहिलं नाही. आपला सूर्य बत्तीसारखा आहे, ती म्हणाली, आणि तो दिव्यासारखा हवा. कचोरी तिने खाल्ली नाही, तशीच हातात धरून उभी राहिली.

मग तिने विचारलं की इथे ग्रहण कोणी कोणी पाहिलंय. संकेत म्हणाला, अकोल्याला मावशी सगळ्या पोरांना खोलीत कोंडायची. परीक्षितची आजी पडदे ओढून घ्यायची. राहिलेल्यांपैकी कोणाकडे देव झाकायचे, कोणाकडे अंथरुणातच पडून राहायचं, एकाकडे तर कुत्र्यालाही आत घ्यायचे. दहा माणसं, ग्रहणं बनवून पोट भरणारी, आणि या होळीपर्यंत चंद्राकडे मान वर करून एकानेही ग्रहण पाहिलेलं नव्हतं. फोटो पाहिले होते सगळ्यांनी. पण फोटोत माणूस जे शोधायला जातो तेवढंच त्याला दिसतं. सुरुवातीला सगळे हसले आणि मग हसणं आपोआप थांबलं, कारण ती काय मागतेय ते एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

संकेत सगळ्यात जास्त चिडला. त्याचे अर्धे नियम त्या सावलीवर उभे होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची ही वेळ आहे का, असं तो परीक्षितला म्हणाला, आसावरीकडे न बघता. परीक्षितने तिला आपल्या केबिनमध्ये नेलं. तो ओरडणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याच्याशी भांडणं जास्त अवघड होतं.

"आसावरी, मतलब... खेळ आहे तो," तो म्हणाला. "शाळेचं पुस्तक नाही. निशिगंधाजी ते ग्रहण बघायला येताहेत. तेच काढून टाकलं तर आपल्याकडे राहतं काय?"

"चोरदिवे काढताना तुम्ही हेच म्हणाला होता, परीक्षितजी. तेव्हा मी तुमचं ऐकलं नाही. आता स्वतःचं कसं ऐकू?"

परीक्षितने खिडकीतून खाली पाहिलं. क्लास सुटला होता, पोरं स्कूटी काढत होती. शेवटी त्याने एक तोडगा काढला. तिने नवी सावली करावी, जुनीला हात लावू नये. निशिगंधाजी येतील तेव्हा दोन्ही खेळ तयार असतील आणि कुठला उघडायचा ते तो आयत्या वेळी ठरवेल. आसावरीने मान डोलावली. याहून जास्त पदरात पडणार नाही हे तिला कळत होतं.

मग ती कामाला लागली. आधी तिने सूर्याच्या तोंडावर पुष्कळ लहान लहान दिवे मांडले. सावली छान आली, पण खेळ बैलगाडीच्या चालीने हलू लागला आणि मशीनचे पंखे घोंगावायला लागले. ते सगळं तिने मोडलं. दिवे मांडायचेच नाहीत, तर अवकाशातल्या कुठल्याही जागेवरून सूर्याचं तोंड किती झाकलं गेलंय तेवढं फक्त मोजायचं, असं तिने ठरवलं. सगळं झाकलं तर काळोख, अर्धं झाकलं तर अर्धा उजेड. कल्पना साधी होती, पण ती बसवायला तिचा जीव मेटाकुटीला आला. कधी ग्रहांवर पट्टे उमटले, कधी चंद्र दिवसाढवळ्या काळे पडले. संकेत तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. घरी उमाकांतराव दुर्बीण जागेवर ठेवली का विचारत, ती ठेवते म्हणे आणि पुन्हा विसरे. रडू एकदाच आलं, गच्चीवर कपडे वाळत घालताना. डोळे पुसून तिने राहिलेले कपडे घातले. हरले तर हरले, पण हे खोटं घेऊन मी त्या बाईंसमोर बसणार नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

सावली जमली त्या दुपारी ती एक यान घेऊन सहज ग्रहाच्या मागे गेली. आधी काळोख. तशीच लांब लांब जात राहिली, जिथे सावलीचं टोक संपतं तिथवर, आणि त्याच्याही पलीकडे. एकाएकी ग्रहाच्या चारी बाजूंनी उजेडाची बारीक कड फुटली. मधे काळा ठिपका आणि भोवती आगीचं वळं. हे कोणी काढलं नव्हतं. तिने लिहिलेल्या ओळींत वळ्याचं नाव नव्हतं. सूर्याला त्याचं तोंड परत दिलं आणि हे त्याचं तो घेऊन आला. आसावरीने माउसवरचा हात काढून घेतला. तिला इतका आनंद झाला की कोणाला हाक मारायचंही सुचेना.

संकेत चार्जर मागायला आला होता. तो मागेच उभा राहिला, चार्जर विसरून. मग त्याने न विचारता तिची खुर्ची थोडी सरकवली आणि एका लहान चंद्राकडे गेला. चंद्राची सावली आता ग्रहाच्या ढगांवर एक काळा ठिपका होऊन पडत होती आणि ढगांवरून सरकत चालली होती. संकेत ती बघत राहिला.

"ही सावली चालते," तो म्हणाला. "अख्ख्या ग्रहावर लपायला तेवढीच जागा आहे, आणि तीही चालते."

त्याने यानांचा एक ताफा त्या ठिपक्यात घातला. पुढच्या खेळीला ठिपका सरकला आणि यानं उघड्यावर आली. त्यांना लपून राहायचं तर सावलीबरोबर चालावं लागणार होतं, दर खेळीला, आणि त्या नादात दुसरं काही करता येणार नव्हतं. संकेतने आपल्या जागेवर जाऊन जुने नियम बाजूला सारले. संध्याकाळी त्याने स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या टेबलावर आणून ठेवली. अकोल्याच्या माणसाचा राग गेला हे त्यावरून समजायचं.

निशिगंधा केळकर ठरल्याप्रमाणे आल्या. पन्नाशीच्या, कापलेल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. विद्याधर नगरात त्यांची भाची राहत होती, तिच्याकडून सरळ इकडे आल्या. चहा घेतला, पंख्याखाली बसल्या, आणि म्हणाल्या की आधी ते ग्रहण बघू, त्याच्यासाठीच आलेय. पडद्यावर दोन्ही खेळांची चिन्हं शेजारी शेजारी होती. परीक्षितचा हात जुन्याकडे गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. दहा घरांची चूल त्या हाताखाली होती.

"आधी नवीन खेळा," आसावरी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मग ते दाखवते. ट्रेलरमधली सावली चुकीची आहे. ती मीच केलेली, हीसुद्धा मीच केलीय."

परीक्षितने डोळे मिटून घेतले. निशिगंधाबाईंनी चूक काय ते विचारलं. सूर्य ग्रहांपेक्षा मोठा आहे, आसावरीने सांगितलं, म्हणून ग्रहाची सावली पुढे निमुळती होऊन संपते, दुसऱ्या ग्रहापर्यंत पोहोचत नाही. निशिगंधाबाईंनी परीक्षितच्या हातातून माउस घेतला आणि नवा खेळ उघडला.

समोरच्या मशीनवर संकेत बसला. निशिगंधाबाई चांगल्या खेळत होत्या, सावधपणे. संकेतचा ताफा येताना दिसला तेव्हा त्यांनी आपली यानं चंद्राच्या सावलीत लपवली आणि खुशीत खाणी खणायला लागल्या. ठिपका सरकला. यानं उन्हात आली आणि संकेतने ती टिपली. त्यांनी न विचारता पुन्हा डाव मांडला. या वेळी सावलीला चिकटून चालल्या, दर खेळीला, खाणी सोडून, चहा सोडून. शेवटचं एक यान उरलं ते त्यांनी ग्रहामागे पळवलं, काळोखात, दूर, टोकाच्या पलीकडे. तिथे वळं उगवलं. त्यांची पुढची खेळी करायची वेळ निघून गेली तरी त्या तशाच बसून राहिल्या. संकेत त्यांना मारू शकत होता, पण त्याने मारलं नाही.

"आता ते दाखवा," त्या म्हणाल्या.

आसावरीने जुना खेळ उघडला. निळा ग्रह, शहरांचे दिवे, कडेने चढणारा काळोख. शहरं विझत गेली. निशिगंधाबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा शहरं विझली.

"नव्याच्या आधी हे पाहिलं असतं तर आजच हो म्हणून गेले असते," त्या म्हणाल्या. "आता मात्र पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं दिसतंय."

मग त्यांनी पटापट सांगून टाकलं. खेळ त्यांना हवा होता, नवा. करार करू, पण नवा ट्रेलर हातात आल्यावर. तारीख पुढे जाईल, ती जाऊ दे. आणि नेटवरचा जुना ट्रेलर आजच उतरवायचा. जे आपण विकणार नाही ते लोकांना दाखवायचं नाही. परीक्षितने विचारून पाहिलं की नवा होईपर्यंत राहू दे का, लोकांना तो आवडलाय. त्या नाही म्हणाल्या आणि पर्स उचलली.

त्यांना खाली सोडून परीक्षित वर आला तेव्हा ऑफिसात गलका चालला होता. कोणीतरी सुखदेवला मिठाई आणायला पिटाळलं होतं. परीक्षित हसत होता, पण त्याचा चेहरा लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखा झाला होता. तो आसावरीच्या टेबलापाशी येऊन थांबला.

"तूच उतरव," तो म्हणाला. "मतलब, माझ्याने नाही होणार."

आसावरीने ट्रेलरचं पान उघडलं. खाली लोकांनी लिहिलेलं होतं: कोणी एका दमात दहा वेळा पाहिला म्हणत होतं, कोणाच्या अंगावर काटा आला होता. तिने तो एकदा सुरुवातीपासून लावला. निळा ग्रह आला. एका महिन्यात तिने त्यावरचा एकेक दिवा हाताने बसवला होता, कुठलं शहर आधी विझेल हेसुद्धा तिनेच ठरवलं होतं. खोटं होतं, आणि ते अजूनही तितकंच सुंदर होतं. ते तिला कमी सुंदर दिसलं असतं तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. शेवटचा दिवा विझेपर्यंत ती बघत राहिली, मग तिने तो ट्रेलर काढून टाकला. नक्की काढायचा का, असं मशीनने विचारलं. तिने हो म्हटलं.

सुखदेव मिठाईचा पुडा घेऊन आला तेव्हा ती संकेतला दुसऱ्या चंद्राच्या सावलीची कड दाखवत होती. तिथे अजून करवतीसारखे बारीक दाते दिसत होते, आणि नवा ट्रेलर सुरू करण्याआधी ते काढायचे होते.